सुरक्षित कोण, हे बाळंतिणीने सांगावे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले डॉक्टर आणि परिचारिका, आशाताई, अंगणवाडीताई, पाड्यापाड्यांवरून आलेल्या दाई आणि कडेवर लेकरू घेऊन मंडपात बसलेल्या माझ्या बहिणींनो,

 1942 च्या लढ्यात कोवळ्या वयात हुतात्मा झालेल्या शिरीषकुमारचे नंदुरबार हे गाव. 1998 मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जवळपास 70 टक्के लोक आदिवासी आहेत. घरांत पावरी, भिलोरी, मावची बोलली जाते. नर्मदाकाठच्या गावांना दवाखाना बोटीने जातो आणि सातपुड्यातल्या काही पाड्यांवरून अडलेल्या बाईला आजही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

रस्त्यांची आणि रुग्णवाहिकांची मागणी आम्ही करत आलो आहोत, पुढेही करू. आज मात्र मला दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आतले बोलायचे आहे. झोळीतून उतरलेली पहिलटकरीण टेबलावर जाते. सासू आणि दाई दाराबाहेर थांबतात. डॉक्टर मराठीत विचारतात, तिला येते ती पावरी. घरी ती उकिडवी बसली असती, पाठीला दाईचा हात असता. इथे तिला उताणी झोपवतात. ती घाबरून गप्प राहते आणि कागदावर शेरा पडतो, 'सहकार्य करत नाही'. पुढच्या खेपेला ती येतच नाही. मग आपण म्हणतो, या लोकांत जागृती नाही.

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी नेमक्या या दुखण्यावर बोट ठेवले. सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवायचे, असा त्यांचा आग्रह होता. 1992 पासून तो विचार तिथल्या परिचारिका-शिक्षणाचा भाग झाला. असेच दुखणे कॅनडातही होते. तिथल्या उत्तरेकडील इनुइट बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दूरच्या शहरांत धाडले जाई, घरच्या माणसांवाचून. 1986 मध्ये त्यांच्याच पुविर्निटुक या गावात प्रसूतिकेंद्र सुरू झाले आणि तिथल्याच मुली शिकून सुईणी झाल्या.

त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करतात, त्याची पायवाट गडचिरोलीतून निघाली आहे.

परंपरेतले सगळेच राखावे, असे मी म्हणत नाही. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर डागण्या देतात, ते थांबलेच पाहिजे. पण समजावणारी तिथल्या कोरकू बोलीत बोलणारी आणि त्याच गावची असेल, तर आजी तिच्याजवळ मन मोकळे करते.

आता दुसरी बाजू, गाव सोडून जाणाऱ्या बाईची. दिवाळी झाली की इथली कित्येक जोडपी कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसाकडे निघतात. सात महिन्यांची गर्भारही निघते, कारण उचल घेतलेली असते. अमृत आहार योजनेचे गरम जेवण गावच्या अंगणवाडीत राहते. तिच्या गाठोड्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माता-बाल संरक्षण कार्ड असते. ते मराठीत, तिथल्या नर्सबाई गुजराती, आणि ती पावरी बोलणारी. बाळ तिथेच जन्मले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशीच्या गृहभेटी पालावर कोणी करायच्या? पहिले दूध पाजताना अडखळणाऱ्या आईजवळ कोणी बसायचे? गावची आशाताई दूर आणि तिथल्या यादीत हिचे नाव नाही.

म्हणून परिषदेकडे तीन गोष्टी मागतो. प्रसूतिकक्षात बाईला तिच्या पसंतीची सोबतीण आणि हवे तसे बसण्याची मुभा मिळावी. जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारसही हीच आहे. आदिवासी भागातल्या दवाखान्यांत तिथली बोली बोलणाऱ्या परिचारिका नेमाव्यात आणि पाड्यावरच्या मुलींना त्यासाठी शिकवावे. आणि गर्भारपणाची नोंद, आहार व गृहभेटी बाईबरोबर राज्याची सीमा ओलांडून जाव्यात. महाराष्ट्र आणि गुजरात सरकारांनी एकत्र बसून ती व्यवस्था लावावी.

समारोपापूर्वी ठराव मांडले जातील. अध्यक्षांना माझी विनंती आहे, हे ठराव आधी पावरी आणि भिलोरीत वाचून दाखवावेत, इथे आलेल्या आयांनी आणि दाईंनी त्यांत बदल सुचवावेत आणि त्यांनी हात वर केल्यावरच ठराव मंजूर झाल्याचे जाहीर करावे.