पिशवीवरचा टॅग



संकेश्वरात राहून आपण खरेदी किती गावांत करतो, ते एकदा मोजून बघा. बी-बियाणं गडहिंग्लजला, लग्नाचा बस्ता बेळगावला नाहीतर कोल्हापूरला, दवाखाना निपाणीला. घर कर्नाटकात आणि पावती महाराष्ट्रातली, हे आपल्याकडं रोजचंच. म्हणून ग्राहकांच्या या संमेलनात सगळ्या हक्कांची उजळणी न करता मी आमच्या घरची एक पेरणी सांगतो.

पंधराएक वर्षं झाली. थोरल्या दादानं सीमेपलीकडच्या एका दुकानातून सोयाबीनच्या तीन पिशव्या आणल्या. पाऊस वेळेवर झाला, वाफसाही चांगला होता. आठव्या दिवशी दादा सरीत उकिडवा बसून बोटानं माती उकरत होता. बी फुगलं होतं, कुजलं होतं. कोंब कुठंच नव्हता. दुकानदार म्हणाला, "लई खोल टाकलासा, त्याला मी काय करू?" हातात होती ती कच्ची चिठ्ठी, त्यावर नुसती रक्कम. टॅग पेरतानाच शिवणीबरोबर ओढून रानात टाकलेले. वकिलांनी सांगितलं, दुकान तिकडं, तेव्हा तक्रारही कोल्हापूरलाच करावी लागेल. दुबार पेरणी करायची की तारखांना जायचं? दादानं हातउसने पैसे घेऊन पुन्हा पेरलं आणि विषय तिथंच संपला. तो असा संपायला नको होता, ही बोच मला आजही आहे.

पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो आला 1986 मध्ये. त्यात तक्रारीची जागा ठरायची ती विकणाऱ्याच्या पत्त्यावरून, नाहीतर व्यवहार जिथं घडला त्यावरून. 2019 च्या नव्या कायद्याच्या कलम 34 नं यात घेणाऱ्याचा पत्ताही धरला. तुम्ही जिथं राहता किंवा पोटापाण्याचं काम करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. 20 जुलै 2020 पासून हे लागू आहे. म्हणजे गडहिंग्लजच्या बियाण्याची तक्रार बेळगावात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बाकीच्या भारताला ही सोय वाटेल. आपल्याला मात्र हे कलम आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे!

"शेतकरी धंद्यासाठी पेरतो, तो ग्राहक कसला?" असं कुणी म्हणालं, तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2012 चा निकाल सांगा. आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय बीज निगमानं नेमका हाच मुद्दा काढला होता. न्यायालयानं तो फेटाळला. शेतकरी आणलेलं सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना मागं ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयानं मान्य केलं. रानातलं जगणं न्यायाधीशांना इतकं नेमकं कळलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक दुखणं मात्र उरलंच आहे. बंद पाकिटावरचा वजन-किमतीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियम पुरा होतो. दुसरी भाषा हवी तर जादा छापावी. आमची शेजारीण कन्नड शाळेत शिकली, माझी वहिनी मराठी. किराणा आणला की दोघी मिळून पाकीट उजेडाकडं धरतात आणि तारीख वाचायला पोराला हाक मारतात. भाषेवरून आपण या भागात खूप भांडलो. पाकिटावर मराठी आणि कन्नड दोन्ही हवी, ही मागणी तरी दोघांनी एका कागदावर सह्या करून पाठवूया. मसुदा मी आणला आहे, मंचाजवळच्या टेबलावर आहे.

यंदा पेरणीच्या आदल्या रात्री दादानं पिशव्यांची शिवण स्वतः उसवली. टॅग आणि पक्की पावती एकत्र टाचली, मूठभर बी कागदात बांधलं आणि सगळं वहिनीच्या हळदीच्या डब्याशेजारी ठेवलं. वहिनीनं विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "असू दे. उगवलं की टाकू."