गाडीवरून माणूस ओळखताना

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात व्याख्यान देताना मी एक संशोधन सांगितलं होतं. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या मानसशास्त्रज्ञांनी चौकात उभं राहून पाहिलं, तर महागड्या गाडीवाले वाहतुकीचे नियम जास्त मोडताना आढळले. ‘पैसा वाढला की माणुसकी आटते, हे आता विज्ञानानंही सिद्ध केलं,’ असं मी म्हणालो आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर एसटीनं फिरलेल्या माणसाला असं वाक्य उच्चारताना किती गोड वाटतं, हे कबूल केलं पाहिजे.

नंतर चहा घेताना एक मुलगी जवळ आली. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. म्हणाली, ‘सर, त्यांनी माणसं पाहिली की गाड्या?’

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन ते संशोधन मुळातून समजून घ्यायला बसलो. मी साधा बी.ए. झालेला माणूस, आकड्यांशी झटापट करावी लागली. जे उमगलं ते सांगतो.

पॉल पिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१२ सालचा. त्यात एकूण सात अभ्यास होते. पहिले दोन रस्त्यावरचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातला एक चौक निवडला. चारही बाजूंना थांबण्याच्या पाट्या. जो आधी आला त्यानं आधी जायचं, हा तिथला नियम. निरीक्षकांनी आडोशाला उभं राहून गाडीची बनावट, वय आणि एकूण रूप पाहून तिला एक ते पाच असा दर्जा द्यायचा, आणि ती पाळी मोडून घुसते का, हे टिपायचं. २७४ गाड्यांपैकी १२.४ टक्के घुसल्या. दुसऱ्या अभ्यासात संशोधकांचाच माणूस पादचारी पट्ट्यांपाशी रस्ता ओलांडायला उभा राहिला. १५२ गाड्यांपैकी ३४.९ टक्के त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. दोन्हीकडे वरच्या दर्जाच्या गाड्या अधिक दोषी ठरल्या.

आता त्या मुलीचा प्रश्न. १२.४ टक्के म्हणजे मोजून ३४ गाड्या. त्या पाच दर्जांत वाटल्या, तर एकेकाच्या वाट्याला किती येणार? शिवाय आत कोण होतं? मालक, पगारी ड्रायव्हर, वडिलांची गाडी घेऊन निघालेला मुलगा, की हप्ते भरता भरता मेटाकुटीला आलेला नोकरदार? गाडीवरून श्रीमंतीचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

त्याहून अवघड प्रश्न कारणाचा. श्रीमंतीमुळं माणूस उर्मट होतो, की उर्मट माणसालाच तसली गाडी हवीशी वाटते? फिनलंडमधल्या एका अभ्यासात दिसलं, की दुसऱ्याची फिकीर न करणाऱ्या हेकट पुरुषांकडे उंची गाड्या अधिक असतात. पण कामसू, शिस्तीच्या माणसांकडेही असतात! नुसत्या पाहण्यातून दोन गोष्टी सोबत चालल्याचं कळतं. कोणी कोणाला ओढलं, ते कळत नाही.

पुढंही मी या विषयाचा माग ठेवला. २०२० साली लास व्हेगासच्या एका अभ्यासात महागड्या गाड्या पादचाऱ्यांसाठी कमी थांबतात, असंच आढळलं. मात्र २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बर्कलीचे ते दोन्ही अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा तो संबंध सापडला नाही. नेदरलँड्समध्ये तर श्रीमंत आणि गरीब घरांत चुकून आल्यासारखी, आतले पैसे दिसतील अशी पाकिटं टाकली गेली. श्रीमंत घरांतून ती दुपटीहून अधिक प्रमाणात परत आली. म्हणजे गरीब लबाड, असं म्हणायचं का? संशोधकांनी तसं म्हटलं नाही. पैशाची चणचण असताना हातात आलेली नोट परत करणं किती जड जातं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

माझं नाव ऐकून झाल्यावर मी बोलू लागलो, की काही जण कौतुकानं म्हणतात, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ त्यांचा हेतू चांगला असतो. पण नावावरून माझी भाषा त्यांनी आधीच ठरवून टाकलेली असते. मग गाडीवरून आतल्या माणसाचं मन ठरवणारा मी तरी वेगळं काय करत होतो?

मला ते संशोधन इतकं का आवडलं, याचाही विचार केला. गरीब माणूस अधिक सज्जन असतो, याचा मला पुरावा हवा होता. तो मिळाला की त्याच्या बाजूनं बोलता येईल, असं वाटत होतं. पण गरिबाला न्याय मिळायला सज्जनपणाचा दाखला कशाला लागतो? उद्या एखाद्या अभ्यासानं तो दाखला काढून घेतला, तर त्याचा हक्कही जाणार का? पादचारी पट्ट्यांवर उभ्या असलेल्या माणसासाठी गाडीनं थांबायचं असतं. तो माणूस चांगला की वाईट, याची चौकशी आपण करत नाही. त्याला रस्ता ओलांडायचा आहे, एवढं पुरेसं असतं.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. कुठं ऐकत असेल, तर तिला सांगतो: बाळ, त्यांनी गाड्या पाहिल्या होत्या. माणसं मी माझ्या पदरची घातली.