अपुऱ्या बंदुकीची ओळख

जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत एखादी मोडकी बंदूक सापडते. दस्ता चिरलेला, नळी गंजलेली, मधला एखादा भाग नाहीसा झालेला. घरची मंडळी ती शिवकालीन ठरवून मोकळी होतात. मात्र ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एकबारी रायफलही असू शकते, आणि अपुऱ्या अवशेषांवरूनही तिचे नाव सांगता येते.

उदाहरणार्थ, ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल घ्यावी. तिच्या नावात दोन माणसे आहेत. काडतूस भरण्याची यंत्रणा स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिख फॉन मार्टिनीची, तर नळीतील सात पैलूंचा पीळ एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचा. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की मागच्या खिळीवर टेकलेला पोलादी ठोकळा पुढच्या अंगाने खाली झुकतो आणि काडतुसाची जागा उघडते. बाहेर घोडा नाही. म्हणून ठोकळा व तरफ हरवली असली, तरी घोड्याचा मागमूस नसलेली चपटी पेटी हीच पहिली खूण. उजव्या बाजूस मुकुट, राणीची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व वर्ष कोरलेले असते. तिच्या आधीच्या स्नायडरला मात्र बाहेर घोडा असतो आणि तिचे झाकण उजवीकडे उघडते.

हा भेद केवळ शौकिनांचा नव्हे. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाच्या मागच्या पिढीचे हत्यार राहील अशी दक्षता सरकार घेत असे. अफगाणिस्तानात मैवंद येथे २७ जुलै १८८० रोजी गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होती. त्याच रणांगणावर मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर पलटणीजवळ स्नायडर होती. सरकारचा अविश्वास असा लोखंडात कोरला गेला.

कोरीव अक्षरांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या. इंग्रजी वाचता न येणाऱ्या हातांनी काही अक्षरे उलटी कोरली. नेपाळची गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनीची बहीणच वाटते, परंतु आतील कळ निराळी. तिथे नेमका हरवलेला भागच साक्षीदार असतो.

हात लावण्यापूर्वी एक दक्षता. अशी बंदूक भरलेली असू शकते, आणि जुनी काळी दारूसुद्धा पेट घेते. नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये, चापाशी खेळू नये. शंका असल्यास पोलीस ठाण्यास कळवावे.

आता दुरुस्तीविषयी. काचकागदाने गंज घासला की त्याबरोबर कोरीव अक्षरेही जातात. पितळ चकचकीत करणे, दस्त्यावर नवे पॉलिश चढविणे, हेही तसेच नुकसान. मऊ फडके, पातळ तेल आणि धीर इतके पुष्कळ. हरवलेल्या भागाची जागा रिकामी राहिली तर बिघडत नाही.

आणि इथेच कायदा येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या ४५ व्या कलमाने जुनाट किंवा मोडक्या हत्यारास सूट दिली आहे. परंतु दुरुस्ती करूनही जे चालू शकणार नाही अशालाच. ठोकळा बसवून, कळ जुळवून ती चालती करणारा हौशी लोहार वारसा वाचवीत नाही, विनापरवाना हत्यार घडवितो. कोणती बंदूक सवलतीत बसते हे घरमालकाने किंवा सरपंचाने परस्पर ठरवू नये. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते व ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हेही भंगारवाल्याशी सौदा करण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. विचारणेसोबत दोन्ही बाजूंची छायाचित्रे, कोरलेल्या अक्षरांची जशीच्या तशी नक्कल आणि बंदूक कोणत्या घरात, कोणाच्या आठवणीत केव्हापासून आहे याची टिपणे जोडावीत.