नुसता रस्साही नको: कोलंबीची अ‍ॅलर्जी शिजवून का जात नाही?

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज कोलंबी.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपती उरकल्यावर मालवणला मावशीकडे गेलो होतो. मला कोलंबीची अ‍ॅलर्जी आहे हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं प्रेमानं माझ्या वाटीतले सगळे तुकडे वेचून काढले. म्हणाली, "सुंगटां नकोत ना, मगे नुसतो रस्सो घे. त्यात काय असता?" आणि मी घेतला! बीटेक झालेला माणूस मी. म्हटलं, एवढं उकळलंय, जे काय प्रोटीन असेल ते मेलं असेल. वीस मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. मावसभावानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं, निभावलं. मावशीला आठवडाभर जेवण गेलं नाही.

तर तो रस्सा असा का वागला? कोलंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं. कोलंबीतलं मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रोटीन हेच, हे १९९३ साली छापून आलं, आणि त्या कामात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संशोधक होते. म्हणजे गोष्ट आपल्याकडचीच आहे. दोन धागे एकमेकांना पीळ घालून बसलेत, असा याचा आकार. उष्णता दिली की पीळ सुटतो, गार झालं की बऱ्याच अंशी परत बसतो. वर हे प्रोटीन उकळताना पाण्यात उतरतं. म्हणजे मावशीनं तुकडे काढले, पण माल रश्शातच राहिला.

आता समजा, पीळ कायमचा सुटला. तरी सुटका नाही, कारण आपल्या शरीरातल्या आयजीई अँटीबॉडीज या प्रोटीनच्या साखळीतले छोटे छोटे तुकडे ओळखतात. आपल्या भाषेत सांगतो: तुम्ही फाइलचं फॉरमॅटिंग कितीही बिघडवा, शब्द तोच असेल तर कंट्रोल-एफ त्याला शोधणारच. शब्दच मधून तोडला तर गोष्ट वेगळी.

फूड टेक्नॉलॉजीवाले नेमके याच्याच मागे आहेत. एक रस्ता हाय प्रेशरचा. तुमच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत साधारण दोन अ‍ॅटमॉस्फिअर दाब असतो. या मशीनमध्ये तीन ते सहा हजार! पण नुसत्या दाबाला ट्रोपोमायोसिन फारसं दाद देत नाही, सोबत उष्णता दिली तर परिणाम जास्त दिसतो. अल्ट्रासाउंड आणि यूव्हीचे झोत हेही वापरून बघितलेत.

मला सगळ्यात गंमत वाटली ती साखरेच्या प्रयोगांची. प्रोटीन आणि साखर एकत्र तापवली की मेयार्ड रिअ‍ॅक्शन होते, तीच, जिच्यामुळे पाव भाजल्यावर तांबूस होतो. माकुलाच्या ट्रोपोमायोसिनवर रायबोज नावाच्या साखरेनं हे केलं, तर अँटीबॉडीज कमी चिकटल्या. स्कॅलप नावाच्या शिंपल्यावर केलं, तर जास्त चिकटल्या. रिअ‍ॅक्शन एकाच जातीची, निकाल उलटा. तेव्हा "अमुक प्रोसेसिंग केलं की अ‍ॅलर्जी जाते" असं कोणी सरसकट सांगितलं, तर आधी विचारा: कुठल्या प्राण्यावर?

शब्द खरोखर तोडणारा रस्ता म्हणजे एन्झाइम्स. ते साखळीच कापतात. पण मग कोलंबीचा तो कचकन चावला जाणारा पोत जातो, आणि कापलेली प्रोटीन्स बऱ्याचदा कडवट लागतात. पावडर किंवा चवीचा अर्क करायला ठीक, पण कालवणात घालायला काय उपयोग?

आता माझी खरी तक्रार. यातले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेत, रुग्णांच्या रक्तातलं सीरम घेऊन झालेत. आमच्याकडे टेस्ट सर्व्हरवर हिरवा टिक आला म्हणून कोणी दिवाळीच्या सेलच्या रात्री कोड लाइव्ह करत नाही. इथं तर प्रॉडक्शन सर्व्हर म्हणजे माझा घसा! अँटीबॉडीज निम्म्यानं कमी चिकटल्या, हा आकडा पेपरात छान दिसतो. पण ज्याला चिमूटभर जवळ्यानं त्रास होतो, त्याच्यासाठी उरलेलं निम्मं खूप आहे. माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन बघितल्याशिवाय "सुरक्षित" हा शब्द वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे घरी करून बघायचं नाही, प्लीज. लिंबू चोळून, कोकम लावून, दोन शिट्ट्या जास्त काढून काही भागत नाही. काहींना तर कोलंबी शिजताना निघणाऱ्या वाफेनंही त्रास होतो.

पाकिटातलं खाताना मागची बाजू वाचा. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत कवचवाल्या जलचरांचा उल्लेख अ‍ॅलर्जीच्या यादीत करणं बंधनकारक आहे. कुर्ली आणि शेवंड त्यातच आल्या. तिसऱ्या, कालवं यांचा गट वेगळा, पण ट्रोपोमायोसिन त्यांच्यातही असतं, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारून.

बांगडा मात्र मला चालतो. माशांच्या अ‍ॅलर्जीला कारण होणारं मुख्य प्रोटीन वेगळं, आणि मी तपासणी करून घेतली आहे. मावशी आता माझं बांगड्याचं तिखलं कोलंबीला हात लावायच्या आधी करून ठेवते. टोप वेगळा, डाव वेगळा, तळायचं तेलही वेगळं. परवा फोनवर विचारत होती, "त्या मशिनीतली सुंगटां बाजारात इली काय रे?" म्हटलं, नाही गं अजून.