बंदिवानाची संमति



भावी गुन्हा टाळण्यासाठीं मनुष्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी काय? १९७३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या एका न्यायालयापुढें हा प्रश्न आला. खुनाचा आरोप असलेला एक मनुष्य सुमारें १७ वर्षें सरकारी मनोरुग्णालयांत स्थानबद्ध होता. क्रोध, भय इत्यादि विकारांशीं निगडित असा त्याच्या मेंदूंतील बदामाच्या आकाराचा भाग नष्ट करण्याचा डॉक्टरांचा बेत होता, आणि त्यानें संमतिपत्रावर सहीही केली होती. खटला चालू असतांच त्याची सुटका झाली. तेव्हां त्यानें ती संमति मागें घेतली! न्यायालयानेंही ठरविलें कीं, बंदिवासांत अशा प्रयोगास दिलेली संमति स्वेच्छेची मानतां येत नाहीं.

समाजास संरक्षण हवें, हें निर्विवाद आहे. परंतु हात बांधलेला विद्यार्थी खोडी करीत नाहीं, म्हणून तो सुधारला असें कोणी शिक्षक म्हणणार नाहीं. शिवाय बांधलेले हात सोडतां येतात. मेंदूचा नष्ट केलेला भाग परत आणतां येत नाहीं. म्हणून असा उपचार सुटकेशीं कधींच जोडूं नये. तो नाकारणाराची शिक्षा वाढूं नये, स्वीकारणाराची घटूं नये. एवढें केल्यावरही जो होकार देईल, त्याचाच होकार खरा मानावा.