हप्ता मुहूर्त पाहत नाही

आपल्या सोसायटीतली काही मुलं सजावट आणि केटरिंगच्या धंद्यात उतरली आहेत, म्हणून हे दोन शब्द. मुद्रा योजनेत २०१५ पासून विनातारण कर्ज मिळतं; २०२४ पर्यंत त्याची मर्यादा १० लाख होती. पण आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, हप्ता मात्र दर महिन्याला असतोच! मग गिऱ्हाईक कुठून आणायचं? बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन. पन्नास पानांचं काम मोठे बिछायत केंद्रवाले नको म्हणतात, तुम्ही घ्या. वडाभात, सांबारवडी गरम वाढा. ठरलेल्या आकड्यावर एक रुपया चढवू नका. त्याच पंगतीत उपवर मुलीचे आईबाप जेवत असतात. त्यांच्यापुढे फ्लेक्सची काय मातब्बरी? आणि बाप्पा, ओळखीतलं काम असलं तरी आगाऊ रक्कम घ्या, पावती द्या.