जठरव्रण : दुखणें एक, कारणें अनेक

पोटाच्या वरच्या भागांत जळजळ होऊं लागली कीं घरांतील वडील माणसें दोष देतात तो मिरचीला, चहाला किंवा काळजीला. चिमूटभर सोडा घेतला कीं तो दिवस निभावतो आणि व्रण मात्र तसाच राहतो.

व्रण म्हणजे जठराच्या, अथवा त्यापुढील लहान आंतड्याच्या आरंभींच्या, अस्तरास पडलेली खोल जखम. जठरांत तीव्र अम्ल असतें. त्यापासून अस्तराचें रक्षण श्लेष्म्याचा चिकट थर करितो. हें रक्षण दुबळें झालें, किंवा अम्लच अतोनात वाढलें, म्हणजे अन्न पचविणारें अम्ल अस्तरासच खाऊं लागतें.

याचें मूळ काळजींत आहे, असें वैद्यकशास्त्रहि दीर्घकाळ मानीत असे. १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत वांकडे जंतु दिसले. १९८२ मध्यें बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनीं ते प्रयोगशाळेंत वाढविले. जठराच्या अम्लांत जंतु जगतात, हें अनेकांस पटेना. तेव्हां १९८४ मध्यें मार्शल यांनीं ते जंतु स्वतः प्राशन केले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ मध्यें उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. हे जंतु म्हणजेच हेलिकोबॅक्टर पायलोरी.

दुसरें मोठें कारण घरच्या औषधांच्या डब्यांतच असतें. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या गुडघ्याची वेदना शमवितात. पण अस्तराचें रक्षण करणारें द्रव्यहि कमी करितात. तिसरें कारण विरळा : अम्ल वाढविणारें गॅस्ट्रिन स्रवणारी गांठ. १९५५ मध्यें झॉलिंजर व एलिसन या शल्यवैद्यांनीं या विकाराचें वर्णन केलें. आणि कधीं कधीं साधा व्रण भासणारी जखम वस्तुतः कर्करोगाची असते.

हा भेद वेदनेवरून कळत नाहीं. जेवणानंतर दुखलें तर जठर, मध्यरात्रीं दुखलें तर आंतडें, हा ठोकताळा पुष्कळदां फसतो. म्हणून डॉक्टर प्रथम रोग्याच्या गोळ्यांची चौकशी करितात. मग दुर्बिणीची नळी घशांतून उतरवून व्रण पाहतात. जठरांत व्रण असल्यास त्याच्या कडेचे तुकडे काढून कर्करोग नाहीं ना, हें तपासतात. जंतु ओळखण्यास श्वासाची परीक्षाहि पुरते : रोग्यास विशिष्ट युरिया पाजतात, जंतु त्याचें विघटन करितात व त्यांतून निघालेला वायु उच्छ्वासांत सांपडतो. व्रण अनेक असले वा पुनःपुन्हां होऊं लागले, तर रक्तांतील गॅस्ट्रिन मोजतात. अम्ल रोखणाऱ्या गोळ्या चालू असतां जंतु असूनहि परीक्षेंत सांपडत नाहींत. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या सुमारें २ आठवडे आधीं थांबवाव्या लागतात.

कारण कळलें कीं उपाय ठरतो. जंतु असल्यास प्रतिजैविकें देतात. दोष गोळ्यांचा असल्यास त्या बदलतात. हृदयविकारासाठीं दिलेलें ॲस्पिरिन मात्र कोणीं आपल्या मनानें बंद करूं नये. वृद्धांत व्रण मुळींच न दुखतां त्यांतून रक्त वाहूं शकतें. मल डांबरासारखा काळा व चिकट झाला, किंवा उलटींत रक्त दिसलें, तर घरच्या चूर्णावर विसंबून न राहतां तत्काळ रुग्णालय गांठावें.